आमचा सामुदायिक वाढदिवस

आमच्या गावात 1 जूनला कोणी कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नाही. द्यायला उरतंच कोण? माजी सरपंच 1 जूनचे, विकास सोसायटीचे चेअरमन 1 जूनचे, पीठगिरणीवाले आप्पा 1 जूनचे, आणि ज्यांच्या दुकानात मेणबत्ती मिळते ते नानाही 1 जूनचेच. अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला असलेल्या या गावात पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही थांबवून जन्मतारीख विचारा. बायकांना विचारायला संकोच वाटत असेल तर विचारू नका. त्यांचीही तीच आहे.

त्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सचं व्याकरण सगळ्यांना माहीत असतं: वर नेत्यांचे गोल फोटो, मधे सत्कारमूर्ती, खाली शुभेच्छुक. आमची पंचाईत अशी की मधली माणसं आणि खालची माणसं एकच. तरुण मंडळानं त्यावर तोडगा काढला. मधे गॉगल लावलेला फोटो आणि खाली त्याच माणसाचा फेटा बांधलेला फोटो. फेटेवाला गॉगलवाल्याला दीर्घायुष्य चिंतितो. गॉगलवाल्याच्या चेहऱ्यावर तो उपकार मानल्याचं काही दिसत नाही.

बाहेरच्यांना वाटतं, हा योगायोग आहे. योगायोग कसला? हे मुख्याध्यापकांचं कर्तृत्व आहे. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराला बखोटीला धरून आणायचा. गुरुजी म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. बालरोगतज्ज्ञ, एक्स-रे वगैरे भानगड नाही. माझे हात जन्मापासून लांब, त्यामुळे कान लगेच सापडला आणि मी जागच्या जागी सहा वर्षांचा झालो. मग गुरुजी विचारायचे, "जन्मतारीख?" बाप डोकं खाजवायचा. "कापूस येचनीना टाईम व्हता, गुर्जी." दुसरा सांगायचा, "पांढरा बैल लिधा त्या साले." आता कापूस वेचणी आणि पांढरा बैल या रकान्यात बसत नाहीत. 1 जूनला सहा वर्षं पूर्ण दाखवली की पोरगं नियमातही बसतं आणि बाकावरही. गुरुजींनी पहिल्या ओळीत 1 जून लिहिलं आणि खाली पानाच्या शेवटापर्यंत 'सदर, सदर, सदर'. आमची अख्खी पिढी त्या 'सदर'मध्ये जन्मली.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याआधी कोतवाल बुकात नोंद व्हायची, पण तिच्यात बहुधा बापाचं नाव आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. त्या घरात पाच मुलगे असले तर त्यातला कोणता हे ज्याचं त्यानं ठरवायचं. शाळेचा दाखला मात्र कसा ठसठशीत! आकडी तर आकडी, वर अक्षरीही: एक जून एकोणीसशे अडुसष्ट. अक्षरात लिहिलेलं खोटं कोणाला वाटत नाही.

पत्रिकाही त्याच तारखेवर निघाल्या. माझ्या लग्नात गुण जुळले ते खरं तर त्या मुख्याध्यापकांचे आणि माझ्या सासुरवाडीच्या मुख्याध्यापकांचे. सौभाग्यवती भांडणात अजूनही म्हणतात, "पत्रिका बघून दिलं हो मला!" मी गप्प बसतो. साडेसाती इतर ठिकाणी माणसाला लागते, आमच्याकडे वर्गाला लागते. शनिवारी मारुतीच्या देवळात तेल घेऊन उभी असलेली रांग म्हणजे आमचा हजेरीपटच.

मधे कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की आपल्या तारखेला जन्मलेले थोर लोक शोधायचे. हे काम माझ्या मुलीनं केलं. मेरिलिन मन्रो, 1 जून 1926. नर्गिस, 1 जून 1929. पीठगिरणीवाले आप्पा ऐकून इतके लाजले की त्यांनी गिरणी थोडा वेळ बंद ठेवली. माधवन 1970 चा, दिनेश कार्तिक 1985 चा. आणि सत्येंद्रनाथ टागोर, 1842 चे, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेले पहिले भारतीय. मी सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर असल्यामुळे हे नातं मला जवळचं वाटलं. मात्र एक फरक मुलीनं कारण नसताना दाखवून दिला: "पप्पा, हे लोक त्या दिवशी जन्मलेत. तुमची फक्त नोंद झालीय."

माणसांपेक्षा गाड्या आम्हाला जास्त पावल्या. एसटीची पहिली बस 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली. डेक्कन क्वीन 1 जून 1930 ची. तिचे चाहते दर वर्षी फलाटावर केक कापतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. आणि आपली पंजाब मेल 1 जून 1912 ची. आपली अशासाठी की ती जळगाव-भुसावळवरून जाते. शंभरी कधीच उलटली, तरी बाई रोज फिरोजपूरला निघते. आमच्या वर्गातले काही जण गुडघ्यामुळे पारोळ्याच्या बाजारालाही जात नाहीत. भुसावळला मी एकदा त्या गाडीच्या डब्यावर हात ठेवून "हॅपी बर्थडे ताई" म्हटलं. शेजारच्या टीसीनं माझं तिकीट मागितलं.

खरा छळ मात्र साडूचा. साडू धरणगावचा. त्याचा जन्म दवाखान्यातला, दाखला नगरपालिकेचा, तारीख अस्सल: 13 ऑगस्ट. आणि त्या तारखेला कोण कोण! बालकवी ठोंबरे, 1890, तेही धरणगावातच जन्मलेले. आचार्य अत्रे, 1898. हिचकॉक, 1899. फिडेल कॅस्ट्रो, 1926. श्रीदेवी, 1963. निसर्ग, विनोद, भीती, क्रांती आणि श्रीदेवी! एका माणसाच्या वाट्याला किती यावं याला काही मर्यादा? दर लग्नात, पंगतीत, पहिला घास पोटात जायच्या आत तो ही यादी म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "तुमच्या तारखेला कोण हो?" मी पंजाब मेल म्हणालो तर सगळी पंगत हसते.

एका साने गुरुजीभक्त शिक्षकांनी एकदा त्याला गप्प केलं होतं. गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा. ते 1924 साली आमच्या अमळनेरला शिक्षक म्हणून आले, आणि त्याच वर्षी, ज्या दिवशी गुरुजींना पंचवीस पूर्ण झाली, नेमक्या त्याच दिवशी तिकडे पंजाबात मोहम्मद रफी जन्मले. साडू यावर बराच वेळ वरण ओरपत राहिला. मला त्या शिक्षकांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेही 1 जूनचेच निघाले. आपल्यातल्याच माणसाच्या पाया कशाला पडायचं?

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "नाना, गणितात याला बर्थडे पॅराडॉक्स म्हणतात. कुठलीही तेवीस माणसं घ्या, त्यातल्या दोघांची तारीख एक निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. सत्तावन्न घेतली तर नव्व्याण्णव टक्के." मी म्हटलं, "आमच्या वर्गात ये. तुझ्या गणितवाल्यांना दोन माणसं पुरतील." त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला की आमच्या गावात हे गणित चालत नाही, कारण त्यात सगळे दिवस सारखेच संभवतात असं गृहीत धरलेलं असतं. गृहीत धरणाऱ्यांनी एकदा आमचा हजेरीपट बघावा.

प्रत्यक्ष 1 जूनचा दिवस कसा जातो ते सांगतो. मध्यरात्री बारा वाजता बँकेचा संदेश, मग विम्याचा, मग ज्या दुकानातून कधीकाळी कुकर घेतला त्याचा. माझा जन्म झाल्याचा खरा आनंद कॉम्प्युटरलाच होतो. सकाळी गावाच्या ग्रुपवर ॲडमिन लिहितो, "आज ज्यांचे ज्यांचे वाढदिवस आहेत त्या सर्वांना." त्यावर सगळे 'धन्यवाद' लिहितात. मग एक जण 'तुम्हालाही' लिहितो. मग सगळे 'तुम्हालाही' लिहितात. दुपारपर्यंत फोन तापतो. अर्थात खान्देशात 1 जूनला काय तापत नाही? पारा चाळिशीच्या वर ठाण मांडून असतो. केक अमळनेरहून मोटारसायकलवर गावात येईपर्यंत त्याची बासुंदी होते. तोही गोंधळातच मागवलेला. बेकरीवाला विचारतो, "नाव काय टाकू?" नावं टाकायची तर केक पंगतीच्या पत्रावळीएवढा लागेल. शेवटी 'सर्व' एवढंच टाकतो.

पार्टीचा प्रश्न आणखी अवघड. ज्याचा वाढदिवस त्यानं पार्टी द्यायची असा जगाचा नियम. इथं सगळ्यांनी सगळ्यांना द्यायची, म्हणजे कोणीच कोणाला नाही. म्हणून वर्गणी काढतो. स्वतःच्या वाढदिवसाला स्वतःच पैसे भरून, कोणाच्या तरी वावरात लिंबाखाली वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी खायची. बट्टी तुपात कुस्करली की निम्मी तक्रार संपते. उरलेली निम्मी त्या भाजीच्या तिखटात जाते.

आणि यंदा 31 मे आला. पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. बावन्न वर्षांपूर्वी जे 'सदर, सदर' झालं होतं त्याची वसुली एकाच संध्याकाळी झाली. आमच्या कार्यालयात खुर्च्या मांडल्या, आणि सत्कारमूर्ती व्यासपीठावर मावेनात म्हणून प्रेक्षकांना वर बसवून आम्हाला खाली बसवलं. शाली कमी पडल्या. एकाच्या अंगावर घातलेली मागच्या दारानं परत येऊन दुसऱ्याच्या अंगावर पडत होती. 31 मेच्या उकाड्यात ती काढून घेणाऱ्याचे आम्ही मनापासून आभार मानले. साहेब म्हणाले, "यांच्या जाण्यानं मोठी पोकळी निर्माण होईल." एरवी हे वाक्य म्हणायचं म्हणून म्हणतात. त्या दिवशी ते वस्तुस्थितीला धरून होतं: आवक-जावक, लेखा, आस्थापना, सगळीच टेबलं उठली होती. दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायची किल्ली कोणाकडे आहे हेही कोणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणतात.

निवृत्त माणसाला वेळ भरपूर. ओट्यावर बसून मायला विचारलं, "माय, मी खरा कवय व्हयनू?"

माय निवडायच्या डाळीतून मान वर न करता म्हणाली, "कानबाईना रोज व्हता. दिनभर रोटना सैपाक करा, रातले तू व्हयना. मंग तापीमायले तो मोठा पूर उना."

"आणि शाळेत 1 जून लिहिलंय ते?"

"तुना गुर्जी उना व्हता का बाळंतपणले?"

मुलीनं लगेच मोबाइलवर 1968 चं पंचांग काढलं. तापीचा मोठा पूर त्या साली ऑगस्टमध्ये आलेला. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशची देवी, रोट म्हणजे तिचा नैवेद्य. ती बसते नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी. तो रविवार निघाला 4 ऑगस्टला. आणि 4 ऑगस्ट म्हटल्यावर पोरगी ओट्यावरून उठून उभीच राहिली. किशोर कुमार! 1929 चा, खांडव्याचा. म्हणजे भुसावळहून त्याच पंजाब मेलच्या वाटेवरचा, जवळपास आपला भाऊबंद. शिवाय बराक ओबामा, 1961. आणि अमेरिकेतला तो थोर ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग. त्याची कथा ऐकून तर मला भरून आलं. तो जन्मभर 4 जुलै 1900 सांगत राहिला, आणि खरी तारीख, 4 ऑगस्ट 1901, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडली ती त्याच्या मृत्यूनंतर. त्याच्या शाळेत कोणते गुरुजी होते कोण जाणे. मला निदान जिवंतपणी कळलं.

सौभाग्यवतींनी मात्र वेगळाच हिशेब मांडला. 4 ऑगस्ट धरला असता तर निवृत्ती 31 ऑगस्टला. जून, जुलै, ऑगस्ट, तीन पगार. "कसली ती नर्गिस नि कसली ती मन्रो," त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांचे पैसे घेऊन गेल्या." दुरुस्तीचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत करायचा असतो, हे मी सांगितलं नाही. घरात शांतता लागते.

साडूला फोन केला. किशोर कुमार, ओबामा, आर्मस्ट्राँग अशी नावं मोजून टाकली. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "दाखला आहे का?"

ही बातमी गावात पसरायला बट्टी भाजायलाही लागत नाही एवढाच वेळ लागला. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चपलांचा ढीग. पीठगिरणीवाले आप्पा, चेअरमन, माजी सरपंच, सगळे मायच्या पुढे मांडी घालून बसलेले. प्रत्येकाला आपापली खरी तारीख हवी होती. मायनं एकेकाला चष्म्यावरून न्याहाळलं. आप्पांना म्हणाली, "तूबी पूरना सालना. तुनी माय मनासंगे चुलापुढे व्हती." चेअरमनला म्हणाली, "तूबी रोटनाच." माजी सरपंच घाबरत पुढे सरकले. "आणि मी, मावशी?" माय म्हणाली, "तूबी."

कोणी कुरकुर केली नाही. किशोर कुमार कोणाला नको असतो? आप्पांनी तर तिथंच डोळे मिटून यॉडलिंग सुरू केलं, चेअरमननं साथ धरली, आणि माजी सरपंच मधेच एका सुराला अडकून खोकत राहिले.

आतून मायनं विचारलं, "कोना पोटमा दुखी ऱ्हायनं रे?"