टेबलाचा स्क्रीन करण्याआधी उजेड मोजा

‘लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड आता जाणार. खिशातला प्रोजेक्टर आणि एक कॅमेरा असला की टेबल, भिंत, तळहात, काहीही चालेल. 2009 मध्येच हे करून दाखवलंय, कंपन्याच बाजारात आणत नाहीत.’ हा दावा वरचेवर शेअर होतो. तो मुद्द्यामुद्द्याने तपासू.

‘कुठलाही पृष्ठभाग चालेल.’ मुख्य अडचण इथेच आहे, आणि ती साध्या भागाकारात दिसते. खिशात मावणारा प्रोजेक्टर साधारण 50 ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाश, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). ए-थ्री कागदाएवढ्या जागेवर (0.125 चौरस मीटर) तो 400 लक्स उजेड पाडतो. ऑफिसच्या टेबलावर दिव्यांचाच 500 लक्स आधीपासून असतो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. काळं म्हणजे त्याने न उजळलेली जागा. म्हणजे पांढरं 900, काळं 500, प्रमाण 1.8 ला 1. वेबवरच्या साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान 4.5 ला 1 हवं, असा सुलभतेचा (सगळ्यांना वाचता यावं यासाठीचा) निकष आहे. ते गाठायला सुमारे 220 ल्युमेन लागतील. वॅटमागे 15 ल्युमेन धरले तर जवळपास 15 वॅट, म्हणजे 50 वॅट-तासांची बॅटरी एकट्या प्रोजेक्टरने सव्वातीन तासांत संपवली. शिवाय तेवढी उष्णता बाहेर काढायला पंखा हवा. हे सगळं पांढऱ्या, मॅट (न चकाकणाऱ्या) पृष्ठभागावर. गडद लाकडावर बराचसा उजेड लाकूडच गिळतं, आणि काचेच्या टेबलाचं तर नावच नको. उन्हात लाखभर लक्स असतात, तिथे विषयच संपला.

‘कॅमेरा बोटं ओळखतो.’ बोट कुठे आहे हे ओळखतो, पण ते टेकलं की नाही, हे ओळखणं फार कठीण. बोटाचं टोक जेमतेम सेंटिमीटरभर जाड, आणि हातभर अंतरावरून डेप्थ कॅमेऱ्याची (वस्तूचं अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याची) चूक काही मिलिमीटरची. टेबलापासून किती उंचीवर स्पर्श मानायचा, तो उंबरठा फार खाली ठेवला तर मोजमापातल्या चुकीमुळे रिकामं टेबलही ‘टॅप’ देतं. वर ठेवला तर अधांतरी थांबलेलं बोट अक्षरं टाइप करतं. चार-पाच फ्रेम पाहून खात्री करायची म्हटली, तर 30 फ्रेमच्या कॅमेऱ्याला 130 ते 170 मिलिसेकंद लागतात, आणि टाइप करताना हा उशीर बोटांना जाणवतो. त्यात प्रोजेक्टरचं चित्र हातावरही पडतं, त्यामुळे त्वचेचा रंग धरून बोट शोधणारा प्रोग्राम गोंधळतो. म्हणून असं काही बनवणाऱ्यांनी 850 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा लावावा आणि कॅमेऱ्यावर दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर बसवावा. चित्राचा त्रास त्याने जातो. टेकण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

‘2009 मध्येच करून दाखवलंय.’ एमआयटी मीडिया लॅबमधल्या प्रणव मिस्त्री यांचं सिक्स्थसेन्स (गळ्यात अडकवायचा प्रोजेक्टर आणि कॅमेरा) खरोखर सुंदर काम होतं. पण त्यात कॅमेऱ्याला बोटं सापडावीत म्हणून टोकांवर रंगीत खुणा घालाव्या लागत. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

‘कंपन्या आणत नाहीत.’ आणलं आहे. 2014 च्या एचपी स्प्राउट या कॉम्प्युटरमध्ये वरून प्रोजेक्टर होता, पण स्पर्श ओळखायला खाली कपॅसिटिव्ह (मोबाइलच्या स्क्रीनसारखी बोटाचा स्पर्श जाणणारी) चटई अंथरावी लागली. म्हणजे ‘कुठलाही पृष्ठभाग’ तिथेच सुटला. 2017 च्या सोनी एक्स्पीरिया टच या प्रोजेक्टरमध्ये 100 ल्युमेन होते, आणि बॅटरी तासाभराची.

तळहाताचा मुद्दा दोन ओळींत आटोपतो. हात सेकंदाला 50 सेंटिमीटर हलला आणि यंत्रणेला 100 मिलिसेकंद लागले, तर चित्र पाच सेंटिमीटर मागे पडतं. तळहात साधारण आठ सेंटिमीटर रुंद असतो.

हे तंत्र जिथे खरंच चालतं तिथे ते जरूर वापरावं: एका जागी घट्ट बसवलेला प्रोजेक्टर, मंद केलेले दिवे, पांढरा मॅट पृष्ठभाग, तीन-चार सेंटिमीटरची बटणं, आणि चार कोपऱ्यांवरून एकदा केलेलं कॅलिब्रेशन (कॅमेरा आणि चित्र यांच्या जागा एकमेकांशी जुळवणं). कारखान्यात सुटे भाग जोडायच्या टेबलावर पुढचा स्क्रू कुठे बसवायचा हे दाखवायला ते उत्तम आहे. पण तिथे प्रोजेक्टर कुणी पिशवीत घालून नेत नाही, आणि टेबल सरकलं की कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं.