वेलँडमुळे दूरची विंडो बंद झालेली नाही

लिनक्सवर विंडो पडद्यावर दाखवण्याची जुनी प्रणाली म्हणजे एक्स११ (थोडक्यात एक्स), आणि तिची जागा घेणारी नवी म्हणजे वेलँड. ‘एक्स११ नेटवर्कवरून फक्त रेखाटनाच्या आज्ञा पाठवते, म्हणून ते वेगवान आहे, वेलँडने ती सोय मोडीत काढली, आता दूरच्या यंत्रावरील कामासाठी ब्राउझरच उरला’, असा दावा सर्रास केला जातो.

यातला पहिला भाग १९८७ साली, एक्स११ आले तेव्हा, खरा होता. एक्सक्लॉक हा घड्याळाचा छोटा प्रोग्रॅम आजही काट्यांच्या मोजक्या आज्ञाच पाठवतो. परंतु क्यूटी ५ या विंडो आणि बटणे रंगवणाऱ्या तयार संचावर लिहिलेले नेहमीचे प्रोग्रॅम विंडो आपल्याच मेमरीत रंगवतात आणि तयार चित्र सर्व्हरच्या, म्हणजे आपल्या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या एक्सच्या भागाच्या, हाती देतात. एकाच यंत्रावर सामायिक मेमरीमुळे हे खपून जाते. नेटवर्कवर मात्र १००० × ८०० पिक्सेलची विंडो, दर पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, ३२ लाख बाइट होते आणि सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणाऱ्या जोडणीवर तिला अडीच सेकंद लागतात. शिवाय प्रोग्रॅम सुरू होताना सर्व्हरला एकामागून एक प्रश्न विचारतो. प्रश्न जाऊन उत्तर येण्याची एक फेरी १५० मिलिसेकंदांची असेल आणि असे ४० प्रश्न असतील, तर केवळ उत्तरांची वाट पाहण्यात सहा सेकंद जातात. एनएक्स हे तंत्र याच फेऱ्या वाचवण्यासाठी निर्माण करावे लागले, हे दावा करणारे विसरतात.

दुसऱ्या भागात तथ्य आहे, पण अर्धेच. वेलँडचा प्रोटोकॉल चित्राऐवजी मेमरीचे हँडल, म्हणजे ते चित्र कुठे आहे याची खूण, स्थानिक सॉकेटवरून (एकाच यंत्रातल्या प्रोग्रॅमांमधील जोडणीवरून) देतो, त्यामुळे तो जसाच्या तसा नेटवर्कवर चालत नाही. वेपाइप हे सॉफ्टवेअर मात्र दोन्ही टोकांना बसून, विंडोचा बदललेला भागच वेगळा काढून आणि कॉम्प्रेस करून पाठवते, आणि हवे असल्यास व्हिडिओसारखे एन्कोडही करते. ते दोन्ही यंत्रांवर असावे लागते, ही अडचण खरी आहे. तरीही एक्सवेलँड (वेलँडमध्ये एक्सचे प्रोग्रॅम दाखवणारा एक्स सर्व्हर) असलेल्या वेलँड डेस्कटॉपवर एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या यंत्राशी केलेल्या सुरक्षित जोडणीतून, एक्सचे जुने प्रोग्रॅम आजही उघडतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ने एक्सऑर्ग हा एक्सचा नेहमीचा सर्व्हर काढला, पण एक्सवेलँड ठेवले.

ब्राउझरविषयी थोडक्यात इतकेच, की वर्षानुवर्षे वापरात असलेली मापन आणि सिम्युलेशनची सॉफ्टवेअर कोणी त्याच्यासाठी नव्याने लिहिणार नाही.

माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. एसएसएचवरून आणलेल्या एक्स विंडोची जोडणी तुटली, की प्रोग्रॅम न जतन केलेल्या कामासह बंद पडतो. एक्सप्रा या सॉफ्टवेअरने प्रोग्रॅम पलीकडे जिवंत ठेवून पुन्हा जोडण्याची सोय एक्ससाठी करून दाखवली. वेलँडच्या डेस्कटॉपमध्ये ती मुळातच असावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.