मान खाली घातलेली माणसं : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया पणजी-फोंडा बसमध्ये वाचली. बाणस्तारीच्या पुलापर्यंत नुसता राग आला. घरी पोचून पुन्हा वाचली तेव्हा कळलं, तुमच्या आक्षेपांतला एक अगदी बरोबर आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी दोन ओळी. बाबांची गणपतींची चित्रशाळा होती आणि माझा हात तिथेच घडला, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, ते कारागीर होते, कलावंत नव्हेत. पन्नाशीच्या माणसाने बापाचं बोट सोडावं. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझाला बापच नव्हता, म्हणून तो एवढा मोकळा झाला. माझ्या चित्रांतली माणसं मान खाली घालून असतात, परंपरेपुढे वाकल्यासारखी. आणि लेखातले वडील फार गुळगुळीत आहेत.

मानेचं आधी सांगतो. चवथीच्या कितीतरी आधी गिऱ्हाइकं आपापले पाट आणून द्यायची, मागच्या बाजूला खडूने नाव. मूर्ती त्या पाटावरच उभी राहायची. बाबा काम उभ्याने करायचे, पण चेहऱ्यावरून शेवटचा हात फिरवण्याआधी पाट उंच स्टुलावर ठेवायचे आणि स्वतः जमिनीवर मांडी घालून वर बघायचे. कारण मूर्ती बसणार चौरंगावर, वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली, आणि समोर पूजेला बसणारा माणूस जमिनीवर. मान ताठ राहिली तर गणपती त्याच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघत बसतो. म्हणून माती ओली आहे तोवर मान केसभर पुढे झुकवायची. मी उभ्या उभ्या "बरी जाल्या" म्हटलं की म्हणायचे, "आदीं सकयल बस, मागीर पळय." आधी खाली बस, मग बघ.

आजही मी कॅनव्हास फरशीवर बसूनच बघतो. माझी माणसं वाकलेली नाहीत हो, ती खाली बसलेल्याकडे बघतायत. कारागीर की कलावंत हा वाद तुम्ही खुशाल घाला, मला त्यात रस नाही.

आता सूझा. साळगावात १९२४ साली जन्मला आणि तान्हा असतानाच त्याचे वडील गेले, इथवर तुमचं खरं. पण पुढे त्याला देवी आल्या, आईने गोंयच्या सायबाला, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरला, नवस केला की पोर वाचलं तर पाद्री करीन. पोर वाचलं आणि नावात 'फ्रान्सिस' आलं. पाद्री काही तो झाला नाही. बापाच्या रिकाम्या जागी त्याच्या वाट्याला अख्खं चर्च आलं, आणि त्याच्याशी तो जन्मभर भांडला. १९५९ सालचं त्याचं क्रुसावरच्या येशूचं चित्र लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे आहे, फोटो सापडेल, बघा. मोकळा झालेला माणूस येशूला असे खिळे ठोकत नाही.

बोट सोडण्याचं म्हणाल तर चित्रकार आंजेला त्रिंदाद आठवा. वडील आंतोनियो शावियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायचे. तैलरंगातली व्यक्तिचित्रं, हात पक्का युरोपीय वळणाचा. (पणजीत फोंतेन्हासला फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत त्यांची चित्रं आहेत. बहुतेक गोंयकार त्या दारावरून नुसते जातात, मीही कैक वर्षं गेलो.) मुलगी जे. जे.मध्येच शिकली. वडील १९३५ साली वारले. तिने पुढे भारतीय वळणाची ख्रिस्ती चित्रं काढली, उत्तरायुष्यात त्रिकोणांची अमूर्त चित्रं केली आणि त्या शैलीला नाव दिलं 'त्रिंदादिझम'. वडिलांचा हात टाकला, आडनाव मात्र थेट शैलीलाच चिकटवलं. हिने बोट सोडलं की धरलं, तुम्हीच सांगा.

घरी कोंकणी आणि लिहायला मराठी, ही कसली ओळख, असा टोमणाही तुम्ही जाता जाता मारलाय. बाबा गिऱ्हाइकाशी कोंकणीत घासाघीस करायचे, वहीत हिशेब मराठीत मांडायचे आणि रात्री देवळात तुकोबांचे अभंग म्हणायचे. त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं.

राहिला गुळगुळीतपणा. तिथे तुम्ही मला पकडलंत. लेखात मी एक गोष्ट गाळली होती. पंधरा वर्षांचा असताना चित्रशाळेच्या मागच्या भिंतीवर मी कोळशाने रापणकार काढला होता, जाळं ओढणारा, पुरुषभर उंचीचा. रात्र त्यात गेली. सकाळी उठून बघतो तर बाबा भिंतीला चुना लावतायत. "गिरायकां येतलीं," एवढंच म्हणाले. त्या वर्षी मी त्यांच्या मातीला हात लावला नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही. लेख लिहिताना हे आठवत होतं, तरी लिहिलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल कशाला, असं वाटलं.

चुना ओला झाला की आरपार दिसायला लागतो. पावसात ती भिंत भिजली की रापणकार वर यायचा, आणि चवथीच्या आधी बाबा त्याच जागी दोन हात जास्त मारायचे. ते गेल्यापासून कुणी चुना लावलेला नाही. यंदाच्या आषाढात बघितलं, पाय आणि जाळ्याचं टोक अजून दिसतं. चेहरा गेला.