दगड पुसणाऱ्याची मजुरी

आर्थिक वाढीचा हव्यास सोडू या आणि सगळ्या देशांनी मिळून न्याय्य नियम ठरवू या, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं, निम्मी तरी बरोबर आहे. तुम्ही म्हणता, ‘वाढ पुरे’ असं पोट भरलेल्यांनाच सुचतं. शिवाय न्याय्य नियमांसाठी सगळे देश एकत्र येतील ही भाबडी आशा आहे.

पहिला मुद्दा मान्य. चाळीस वर्षांत एकट्या चीनमध्ये सुमारे 80 कोटी लोक आत्यंतिक गरिबीतून वर आले, ते मुख्यतः वाढीमुळेच. ‘वाढीचा हव्यास सोडू या’ हे माझं वाक्य सरसकट होतं, मागे घेतो. पण वाढ मोजायची कशी, तिथे मी अडून आहे.

1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. मग मजूर किनाऱ्यावर बसून फडक्याने एकेक दगड पुसत होते. त्यांची मजुरी, बोटींचं भाडं, वकिलांची फी, सगळं जीडीपीत, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाच्या बेरजेत, जमेला. तेलात माखून मेलेले अंदाजे अडीच लाख पक्षी मात्र कुठल्याच रकान्यात नाहीत. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ज्यांनी बसवला, त्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 च्या अहवालात बजावलं होतं की, या आकड्यावरून देशाचं भलं किती झालं ते कळत नाही. इशारा राहिला बाजूला, आकडा तेवढा उचलला!

एकत्र येण्याचं म्हणाल, तर आलेत की. ओझोनचा थर विरत होता तो फ्रिज आणि स्प्रेमधल्या सीएफसी वायूंमुळे, आणि ते वापरले होते मुख्यतः श्रीमंत देशांनी. आमची फ्रिज घ्यायची वेळ आली तेव्हाच बंदी का, हा विकसनशील देशांचा सवाल रास्त होता. म्हणून 1987 च्या मॉन्ट्रिअल करारात त्यांना दहा वर्षं जास्त मिळाली, आणि 1990 मध्ये कारखाने बदलण्यासाठी निधी ठरला. पुढे जगातले सगळे देश त्यात आले. ओझोन आता सावरतोय.

हे काम सोपं होतं, हेही खरं. सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आणि पर्यायही हाताशी येत होते. कोळसा-तेलाचं तसं नाही. तिथे 2009 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला, गरीब देशांना हवामानबदलाला तोंड देता यावं म्हणून 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करू. तो पाळला गेला 2022 मध्ये, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा. ज्याने धूर केला नाही, त्याच्याच डोक्यावर हप्ते. अशाने विश्वास कसा बसणार?

राहिला तुमचा टोमणा: ‘मग मोबाइल सोडणार का?’ नाही सोडणार. माझ्या त्यागाने काँगोत मोबाइलच्या बॅटरीसाठी कोबाल्ट धातू खणणाऱ्याची मजुरी एका पैशानेही वाढत नाही. पण त्याची योग्य मजुरी आणि खाणीने नासलेल्या पाण्याची भरपाई धरून फोन दीडपट महागला, तर घ्याल का, असं विचारलं असतंत तर मात्र मी अडखळलो असतो.