‘गोष्ट काल्पनिक, पण माहिती खरी’? डॅन ब्राउनच्या कादंबऱ्यांबद्दलचा एक गैरसमज

डॅन ब्राउनबद्दल एक मत सर्रास पुढे पाठवलं जातं: ‘नायक रॉबर्ट लँगडन काल्पनिक असेल, पण पुस्तकातला इतिहास, चित्रं, इमारती सगळं खरं आहे. लेखकानं पहिल्याच पानावर तसं सांगितलंय.’ सांगितलंय हे खरं. ‘द दा विंची कोड’च्या (२००३) सुरुवातीला तसं निवेदन आहे. पण त्या निवेदनातलीच पहिली गोष्ट टिकत नाही.

‘प्रायरी ऑफ सायन ही १०९९ साली स्थापन झालेली गुप्त संघटना.’ या नावाची संस्था १९५६ साली फ्रान्समध्ये रीतसर नोंदवली गेली, पिएर प्लांतार आणि त्याच्या साथीदारांकडून. नावातलं ‘सायन’ जेरुसलेमचं नव्हे, फ्रान्समधल्याच, नोंदणीच्या ठिकाणाजवळच्या एका डोंगराचं. सुरुवातीला संस्थेचं मासिक स्वस्त घरांतल्या रहिवाशांच्या हक्कांबद्दल लिहीत असे. पुढं १९६०च्या दशकात याच मंडळींनी बनावट वंशावळी आणि प्रमुखांची यादी (त्यात लिओनार्दो आणि न्यूटनही) पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवली. ग्रंथालयात कागद सापडला म्हणजे तो जुना आणि अस्सल, असं वाचकाला वाटतं. पण तो तिथं कोणी आणि कधी ठेवला, हे आधी विचारायला हवं. याच कागदांवर विसंबून १९८२ साली एक पुस्तक निघालं आणि कादंबरीनं तिथून उचल केली.

‘पॅरिसच्या सँ-सुल्पिस चर्चमधली पितळी पट्टी म्हणजे रोझ लाइन, अर्थात पॅरिसची मध्यान्हरेषा, आणि खाली मूर्तिपूजकांचं देऊळ.’ ही पट्टी जवळून पाहण्यासारखी आहे. चर्चच्या फरशीतून ती उत्तर-दक्षिण जाते आणि उत्तरेच्या भिंतीशी पांढऱ्या संगमरवरी स्तंभावर चढते. दक्षिणेच्या उंच खिडकीतल्या छिद्रातून माध्यान्हीला उन्हाचा कवडसा आत येतो. उन्हाळ्यात सूर्य उंच असतो तेव्हा तो खिडकीच्या जवळ पडतो. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की कवडसा लांबत जाऊन थेट स्तंभावर चढतो. म्हणून तर स्तंभ उभारावा लागला, फरशी पुरली नसती. अठराव्या शतकातलं हे खगोलयंत्र विषुवदिन ठरवायला, म्हणजे ईस्टरच्या तारखेच्या हिशेबाला, कामी येई. पॅरिसची मध्यान्हरेषा इथून जातच नाही, ती शंभरेक मीटर बाजूला आहे. खिडकीतली ‘पी’ आणि ‘एस’ ही अक्षरं प्रायरीची नव्हेत, ती पीटर आणि सुल्पिस या चर्चच्या दोन संतांची. लोक विचारून विचारून थकवू लागले, तेव्हा चर्चनं खुलाशाची पाटीच लावली.

‘लिओनार्दोच्या ‘लास्ट सपर’ या चित्रामध्ये येशूच्या उजव्या हाताला मेरी मॅग्डलीन आहे.’ मग बारा शिष्यांपैकी योहान कुठं गेला? येशू सोडून टेबलाशी बाराच जण आहेत. तरुण, बिनदाढीचा, लांब केसांचा योहान ही त्या काळच्या इटालियन चित्रकलेतली ठरलेली रीत होती. सुरी धरलेला हातही ‘कुणाचाच नसलेला’ नाही. मनगट कमरेशी मुरडलेला तो पीटरचा हात आहे. टेबलावर पवित्र चषक नाही, कारण प्रसंग ‘तुमच्यातला एक जण मला दगा देणार’ या वाक्याचा आहे. बाराही चेहरे ते वाक्य ऐकून हललेत, आणि चित्राचं सगळं सामर्थ्य त्यातच आहे. केवळ कोडं म्हणून पाहणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं.

‘नायसियाच्या धर्मपरिषदेत मतदानानं येशूला देव ठरवलं, बायबलही तिथंच ठरलं.’ इ.स. ३२५च्या त्या परिषदेतला वाद पुत्र (येशू) आणि पिता (देव) एकाच तत्त्वाचे की पुत्र निर्माण केलेला, हा होता. येशूला नुसता माणूस मानणारा पक्ष तिथं नव्हता. कादंबरी मतदान अटीतटीचं झाल्याचं सांगते. प्रत्यक्षात शेकडो बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोघंच उरले. परिषदेच्या वीस नियमांत बायबलच्या ग्रंथांची यादी नाही. नव्या कराराच्या आजच्या सत्तावीस ग्रंथांची नेमकी यादी सापडते ती बिशप अथनेशियसच्या ३६७च्या पत्रात.

बाकीचं थोडक्यात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढच्या पिरॅमिडला ६६६ नव्हे, ६७३ काचा आहेत. कादंबरीतला खुनी ओपस देई या कॅथलिक संस्थेचा संन्यासी आहे, पण तिच्यात मठवासी संन्यासी नसतातच. ब्राउनच्याच ‘एंजल्स अँड डीमन्स’मध्ये गॅलिलिओ इल्युमिनाटी या गुप्त संघटनेचा सदस्य आहे. तो १६४२ साली वारला आणि ती संघटना १७७६ साली बव्हेरियात स्थापन झाली.

तरीही हे खरं का वाटतं, याचं उत्तर ब्राउनच्या साच्यात आहे. रात्री-अपरात्री आलेलं बोलावणं, एक मृतदेह, एका दिवसाच्या आसपासची मुदत, सोबतीला हुशार स्त्री, अर्ध्यावर तुटणारी छोटी प्रकरणं. ठिकाण खरं, चित्र खरं, सनावळीही बऱ्याचदा खरी. बनावट असतो तो त्यांना जोडणारा दुवा. तो दुवा सांगतो हार्वर्डचा प्राध्यापक, जरी त्याचा ‘धार्मिक चिन्हशास्त्र’ हा विभाग हार्वर्डमध्ये नाही. नायसियाचा दावा तर लँगडनचाही नाही, तो ली टीबिंग या पात्राच्या तोंडी आहे, आणि लँगडन त्याला दुजोरा देतो. ऐकणारी नायिका सोफी वाचकाच्या मनातले प्रश्न विचारते. हरकत घेईल असा एकही इतिहासकार त्या खोलीत बसवलेला नाही.