वणीच्या देवीच्या हातांत फक्त शस्त्रेच नाहीत : एक खुलासा

नवरात्र जवळ आलं की नाशिकमधल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो : 'सप्तशृंगी देवीच्या अठराही हातांत संहाराची शस्त्रे आहेत, म्हणून तिचा फोटो घरात लावू नये, कलह होतो.' कृपया हा पुढे पाठवू नका.

वणीजवळच्या सप्तशृंग गडावरच्या या देवीला भाविक महिषासुरमर्दिनी म्हणून पुजतात. देवीचे माहात्म्य सांगणाऱ्या दुर्गासप्तशती या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायाआधी तिचे जे अठरा हातांचे ध्यान, म्हणजे रूपवर्णनाचा श्लोक, म्हटले जाते, त्यात त्रिशूळ, सुदर्शन, वज्र, खड्ग, परशू आहेतच. पण त्याच श्लोकात अक्षमाला (जपमाळ), कमंडलू, कमळ, शंख, घंटा आणि पानपात्र, म्हणजे पिण्याचे पात्रही आहे. ढालही आहे, ती तर वार झेलण्यासाठी.

ही आयुधे तिला देवांनी दिली : शंकराने शूळ, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, आणि ऐरावताच्या गळ्यातली घंटाही. जपमाळ प्रजापतीची, कमंडलू ब्रह्मदेवाचा. म्हणजे लढणाऱ्या देवीच्या हाती जप आणि तपही दिले आहेत. मला यातली घंटा सर्वांत मोलाची वाटते. अकराव्या अध्यायात देव प्रार्थना करतात की जिच्या नादाने दैत्यांचे तेज हरपते, ती घंटा आम्हाला लेकरांसारखे पापापासून राखो. हे रक्षणाचे मागणे आहे, कलहाचे नव्हे.

फोटो लावल्याने घरात भांडणे होतात, असे सप्तशतीत कुठेही म्हटलेले नाही. उलट बाराव्या अध्यायात देवी स्वतः सांगते की माझ्या ज्या स्थानी हे माहात्म्य, म्हणजे सप्तशती, नित्य वाचले जाते, ते स्थान मी सोडत नाही. मेसेज वाचून कोणी फोटो उतरवला असेल, तर निर्धास्तपणे पुन्हा लावावा.