दूरदर्शी उद्योजक कसं व्हावं: बेन बॉइडच्या पावलावर पाऊल

मागच्या रविवारी सिडनीत एका ‘बिझनेस माइंडसेट’ सेमिनारला गेलो होतो. तिकिटाला चांगले पैसे मोजले, अर्धा दिवस बसलो, चहा मागितला तर म्हणे चहा पॅकेजमध्ये नाही. आणि स्टेजवरचा सुटातला माणूस आदर्श म्हणून फोटो कुणाचा दाखवतोय, तर बेन बॉइडचा, १८४०च्या दशकात ऑस्ट्रेलियात धंदा मांडलेल्या ब्रिटिश उद्योजकाचा! व्हिजनरी, रिस्क-टेकर, पायोनियर वगैरे. आपली मराठी मंडळी भराभरा लिहून घेत होती. लिहूनच घ्यायचंय ना, मग नीट घ्या.

सर्वात आधी, स्वतःचे पैसे लावायचे नाहीत. रिस्क घ्यायची ती दुसऱ्याच्या पैशाची. लंडनमध्ये शेअर दलाल असाल तर सोन्याहून पिवळं, एक बँक काढा, नाव भारदस्त हवं, ‘रॉयल बँक ऑफ ऑस्ट्रेलिया’, तिचे २ लाख पौंडांचे रोखे लोकांच्या गळ्यात मारा आणि १८४२ मध्ये ‘वाँडरर’ नावाच्या स्वतःच्या यॉटमधून ऐटीत सिडनीत या.

यॉट हवीच. यॉटवाल्याला कोणी हिशेब विचारत नाही.

मग जमीन. विकत कसली घेताय, चराईचं लायसन्स काढा. १८४४ मध्ये मोनारो (सिडनीच्या दक्षिणेचं पठार) आणि पोर्ट फिलिप (आजचं व्हिक्टोरिया राज्य) मिळून ३,८१,००० एकर बॉइडकडे होती आणि वर्षाची फी ८० पौंड! तिथे आधी कोण राहत होतं हे सेमिनारमध्ये विचारायचं नसतं. तिथला ब्रिटिश गव्हर्नर गिप्स याने फी वाढवायचं काढलं की मात्र लगेच सभा भरवायची, आम्ही मेलो हो, बुडालो हो.

निवडणूक लढवा. पोर्ट फिलिपचं प्रतिनिधित्व करायचं, राहायचं सिडनीत, वर्षभराच्या आत राजीनामा. (हे आपल्याला शिकवायची गरज नाही.)

स्वतःच्या नावाचं गाव वसवा. बॉइडने सिडनीच्या दक्षिणेला, टूफोल्ड बे या उपसागरावर बॉइडटाउन बांधलं, शेजारी दीपगृहासाठी दगडी मनोरा, वर आडनाव कोरलेलं. सरकारने दिवा लावायची परवानगीच दिली नाही, मग तिथून देवमासे हेरायचे. उजेड पडला नाही, पण नाव झालं!

आणि मजूर. इथे नीट लक्ष द्या, कारण सुटातल्या माणसाने ही स्लाइड दाखवलीच नाही. १८४३ मध्ये हा गृहस्थ सरकारी समितीपुढे म्हणाला, मेंढपाळाला वर्षाला १० पौंड, वर मांस आणि पीठ, बास झालं, चहा-साखर ही चैन आहे. (आमच्या आयोजकांनी एवढं तरी मनावर घेतलेलं दिसतंय.) तेही महाग वाटायला लागलं तेव्हा १८४७ मध्ये जहाज पाठवून पॅसिफिकमधल्या तान्ना, लिफू अशा बेटांवरून माणसं आणली, पहिल्या खेपेला ६५. पाच वर्षांचा करार, वर्षाला २६ शिलिंग (म्हणजे जेमतेम सव्वा पौंड), दोन पँटी, दोन शर्ट, एक लोकरीची टोपी. ज्या भाषेतलं अक्षर त्यांना कळत नव्हतं त्या कागदावर खुणा करून घेतल्या आणि ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, जन्मात मेंढी न पाहिलेल्या माणसांना किनाऱ्यापासून दूर आतल्या भागात मेंढ्यांमागे धाडलं. ती माणसं काम टाकून निघाली, सिडनीच्या दिशेने, चालत. शेकडो मैल. कायदेमंडळाने त्याच वर्षी कायदा बदलला आणि असले करार निकामी केले, तेव्हा साहेबांनी माणसं वाऱ्यावर सोडली.

एक्झिट स्ट्रॅटेजी हवी ना? १८४९ मध्ये बँक बुडाली, भागधारक बोंबलत राहिले, हा त्याच यॉटमधून कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे गेला. १८५१ मध्ये सोलोमन बेटांमधल्या ग्वाडलकनालला बंदूक घेऊन शिकारीला उतरला तो परत आलाच नाही.

बास झाला उपरोध. २०२२ मध्ये टूफोल्ड बेजवळच्या राष्ट्रीय उद्यानाचं ‘बेन बॉइड’ नाव काढून ‘बेओवा’ (तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘ऑर्का’, म्हणजे किलर व्हेल) ठेवलं तेव्हा ‘इतिहास पुसताय’ म्हणून गळा काढणारे आपल्या ग्रुपवरही होते. कुठला इतिहास? त्या ६५ जणांपैकी एकाचं नाव सांगा बघू. अहो, त्याच काळात रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली माणसं अशीच कागदावर अंगठे उठवून मॉरिशसच्या उसात राबायला जात होती, आणि तुम्ही इथे पैसे भरून मळेवाल्यासाठी टाळ्या वाजवताय? माणसं फुकटात राबवायची आणि पैसा दुसऱ्याचा बुडवायचा, याला व्हिजन म्हणत असाल तर कृपा करून आपल्या पोरांना असल्या सेमिनारला नेऊ नका.